चौथ्या मजल्यावरच्या काकांची अमेरिकन गाडी

यंत्राचा शब्द कधीही मोडू नये, हे तत्त्व आयुष्यभर पाळलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. मुलुंडला आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे काका. लिफ्टने दार बंद करायला सांगितलं की हे आधी 'हो' म्हणतात, मग दार लावतात. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना हुकूम देणारं कोणी उरलं नव्हतं. ती उणीव भाच्याने भरून काढली. भाचा अमेरिकेहून कायमचा परत आला, येताना तिथली गाडी घेऊन आला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा कायमचा अमेरिकेला गेला. गाडी काकांकडे राहिली. तिची जाडजूड माहितीपुस्तिका काका रोज आंघोळीनंतर एक अध्याय अशी वाचत. बर्फात गाडी कशी चालवावी, हा अध्यायही त्यांनी गाळला नाही. मुलुंडला याचा उपयोग काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "माझं काम वाचायचं. बर्फाचं बर्फ बघेल."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत एक पिवळा दिवा लागला. असा दिवा लागल्यास अधिकृत केंद्रात तपासणी करून घ्यावी, असं पुस्तिकेत होतं. काकांनी गाडी जागची हलवली नाही. मला याची नुसती गंमत वाटली असती. पण त्यांच्या थोरल्या बहिणीची, जोगेश्वरीच्या आक्कांची, नजर झपाट्याने जात चालली होती. मढच्या ज्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं, ती त्यांना दिसतंय तोवर एकदा बघायची होती. याच गाडीतून नेईन, असा काकांनी शब्द दिला होता.

"अरे, टॅक्सी कर ना," आक्का फोनवर म्हणत.

"शब्द गाडीचा दिलाय," काका म्हणत.

काकांनी कंपनीला जावक क्रमांक घालून ईमेल पाठवली. आपल्याला सर्वांत जवळचं केंद्र दुबईत आहे, असं कंपनीने नम्रपणे कळवलं. काका दोन दिवस नकाशा घेऊन बसले. समुद्र आड येत होता.

शेवटी मीच भांडुपच्या एका मेकॅनिकला आणलं. त्याने आपलं तपासणीचं मशीन जोडलं आणि म्हणाला, "काका, माझं मशीन हिला गाडीच मानत नाही." पण माणूस चिवट. चार दिवसांनी कुणाचं तरी दुसरं मशीन मागून आणलं, जोडलं, वाचलं, आणि थेट गाडीपुढे उकिडवा बसला. मला राहवेना, मीही बसलो. समोरच्या जाळीच्या मधोमध एक काळी गुळगुळीत चकती होती. तिच्यावर हळदकुंकवाचा जाड थर आणि त्यात चिकटलेल्या अक्षता.

"हा हिचा डोळा आहे. पुढची गाडी किती लांब, ते हिला यातून कळतं," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही डोळ्यात हळद घातलीत, काका."

"मी नाही. दसऱ्याच्या पूजेला आक्काने. तिला ते कपाळ वाटलं."

मेकॅनिकने ओलं फडकं उचललं. काकांनी त्याचा हात धरला. मग स्वतःच्या रुमालाने चकती हळूहळू पुसली, रुमालाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. दिवा विझला.

रविवारी मीही मागे बसलो.

"दिवा गेला का रे?" आक्कांनी विचारलं.

"गेला."

"मग एवढा हळू का चालवतोस?"

समुद्र आला तेव्हा त्यांनी काच खाली करायला लावली. मग रस्ताभर त्या नुसत्या बघत होत्या.

शाळेच्या गल्लीत गाडी मावली नाही. शेवटचं अंतर आम्ही रिक्षाने गेलो.