आप्पासाहेबांची ओ

शाळेच्या टीचर्स रूममध्ये किस्से कसे साठतात, माहितीये? घडतात उन्हाळ्याच्या सुट्टीत, उघडतात जूनमध्ये डब्यांबरोबर, आणि दिवाळीपर्यंत त्यांना एवढं तिखट-मीठ लागतं की ज्याच्या बाबतीत घडलं तोच विचारतो, "हे कधी झालं?" आप्पासाहेबांच्या किश्श्यांना मात्र कुणाला काही लावावं लागलं नाही.

आप्पासाहेब म्हणजे आमच्या भूगोलाच्या पाटील बाईंचे यजमान. मूळचे गडहिंग्लजकडचे, गुळाचे अडत्ये. सौद्यात ओरडून ओरडून आवाज असा झालेला की राजारामपुरीतल्या एका गल्लीत बोलले तर पलीकडच्या गल्लीतलं मांजर दचकायचं! सत्तरच्या दशकात पाटील बाई, कुलकर्णी बाई आणि मी, अशा तिघी नवरे-पोरं घेऊन दर मे महिन्यात एखादं जंगल गाठायचो. लोक महाबळेश्वरला जायचे. आम्ही वाघ बघायला!

*

जंगल ठरायचं पाटील बाईंच्या घरी, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले की. आमच्या ह्यांना वाघ हवा, पोरांना हत्ती, कुलकर्णी बाईंना स्वच्छ संडास. आप्पासाहेबांचा दरवर्षी एकच प्रश्न, "तितं शांत हाय न्हवं?"

ह्या माणसाला शांतता हवी! आम्ही हसून बेजार.

"मग दाजीपूर घ्या की," आमचे हे म्हणाले. "सकाळच्या एसटीनं निघालं की दुपारच्या जेवणाला तिथं. गवे बघू."

"दाजीपूर नगं."

"का हो?"

"नगं म्हटलं न्हवं!" म्हणत ते भरल्या ताटावरून उठले. त्या वर्षी बंदीपूर ठरलं.

*

बंदीपूरला पहाटे जीपमध्ये आम्ही श्वास रोखून बसलेलो. समोर हत्तींचा कळप, मध्ये एवढंसं पिल्लू. पोरांचे डोळे बशीएवढे झालेले. आणि मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, "ओ!"

कुणी हाक मारली की आपण देतो ना, तशी ओ. कळप झाडीत पसार! गार्ड आप्पासाहेबांशी कानडीत कडाकडा भांडला. ते बिचारे खाली मान घालून ऐकत होते.

"अहो, हाक कुणी मारली तुम्हाला?" मी विचारलं.

"कुणी न्हाय. आपली दिऊन ठिवली."

"ॲडव्हान्स!" आमचे हे म्हणाले. जूनमध्ये या एका शब्दावर टीचर्स रूम आठवडाभर हसली.

*

पुढं कान्हा. पाणवठ्यावर वाघ येणार म्हणून सगळे दगडासारखे बसलो होतो. गवत हललं, पिवळं काहीतरी दिसलं, आणि "ओ!" संपलं. आमचे हे घरी येईपर्यंत आप्पासाहेबांशी बोलले नाहीत. एवढ्या लांब जाऊन वाघाचं फक्त गवत बघितलं!

तिथला म्हातारा गाइड मात्र चिडला नाही. त्यानं बिडी विझवली आणि म्हणाला, "साहब, जंगल में बिना बुलाए जवाब नहीं देते. जवाब सुनकर कोई चल पड़ता है."

"कौन?" कुलकर्णी बाईंनी विचारलं.

त्यानं आमची पाण्याची कळशी उचलली आणि चालायला लागला.

*

दांडेलीचा किस्सा कुणी जूनमध्ये सांगितला नाही. भर दुपारी रातकिडे असे कोकलत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आप्पासाहेब झाडाला टेकून उभे होते. त्यांनी ओ दिली, आणि रेडिओचं बटण बंद करावं तसं सगळं रान गप्प झालं. एक किडा नाही, एक पान नाही. आम्ही भराभर चटया गुंडाळल्या. जीपमध्ये खिडकीसाठी रोज मारामारी करणारी आमची पोरं त्या दिवशी एकमेकांना चिकटून बसली.

*

त्या वर्षी एका ऑफ पिरियडला पाटील बाईंनी सांगितलं. आप्पासाहेबांचं आजोळ दाजीपूरच्या रानाला लागून. लहानपणी सुट्टीत धाकट्या भावाला, शिवाला, घेऊन ते करवंदं काढायला गेले होते. शिवा जाळीआड गेला आणि तिकडून त्याच्या आवाजात हाक आली, "आण्णा!" थोड्या वेळानं पुन्हा आली, "आण्णा!"

आजीनं शिकवलं होतं, रानात पहिल्या दोन हाकांना ओ देऊ नये. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतोच. दुसरं काही असेल तर दोनातच थांबतं. शहाणं पोर! ते ओठ मिटून तिसऱ्या हाकेची वाट बघत बसलं.

ती आलीच नाही. गावानं सगळं रान पालथं घातलं. शिवा सापडला नाही.

"म्हणून सगळीकडं ओ देत फिरतात," पाटील बाई म्हणाल्या. "आणि दाजीपूरला जायला घाबरतात."

*

पुढच्या वर्षी जंगल ठरवायला बसलो, तर आप्पासाहेब आपणहून म्हणाले, "लई लांबनं ओ दिऊन झाली. औंदा दाजीपूर."

कुणी वाघाचं नाव काढलं नाही.

दाजीपूरला दुपारी जांभळाखाली बसलो होतो. पोरं समोर चटईवर भडंग खात होती. सगळीच्या सगळी आमच्या डोळ्यांसमोर. आप्पासाहेबांनी त्या दिवशी एकदाही ओ दिली नव्हती. पाटील बाई त्यांच्यावरून नजर हलवत नव्हत्या.

करवंदीच्या जाळीकडून हाक आली. "आण्णाऽऽऽ!"

कोवळा आवाज, सात-आठ वर्षांच्या पोराचा. आमच्यात आप्पासाहेबांना आण्णा म्हणणारं कुणीच नव्हतं. भडंगाचा घास हातात तसाच धरून माझी मुलगी जाळीकडे बघत राहिली.

ते उठायला लागले तसं कुलकर्णी बाईंनी मानमर्यादेचा विचार न करता त्यांचं मनगट घट्ट धरलं. "ओ देऊ नका! पहिलीच हाक आहे. अजून दोन येऊ देत!"

आप्पासाहेबांनी हलकेच हात सोडवून घेतला. उभे राहिले, धोतराला लागलेला पाचोळा झटकला. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"पैल्या दोन मी तवाच ऐकल्यात, बाई. ही तिसरी हाय."