तळ्याकाठी, मागच्या गेटने

वसईतल्या आमच्या गल्लीत चर्चची घंटा मयताची वाजली की माझं काम ठरलेलं असतं. गॅस बारीक करायचा, चपला अडकवायच्या, कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी जाऊन कोण गेलं ते विचारायचं आणि परत येऊन टीचरांना सांगायचं. टीचर तोवर खुर्चीत ताठ बसून मनातल्या मनात अंदाज बांधत असतात. अंदाज बरोबर निघाला तर त्यांना दुःखातसुद्धा थोडं समाधान होतं, हे मी पाहिलंय.

टीचर म्हणजे गावातल्याच शाळेत आयुष्य काढलेल्या, आता ऐंशीला आलेल्या बाई. नवरा सिमेट्रीत, मुलगा परदेशात. मी त्यांच्या घरी असते. मी त्यांची कामवाली आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना राग येतो. माझं गाव जतच्या बाजूला, टँकरच्या पाण्यावरचं. टँकर शाळेच्या वेळेला यायचा म्हणून सातवीत माझी शाळा सुटली. पुढे लग्न होऊन कामणला आले, नवरा तिथल्या गोदामात माल उतरवायचा. तो गेला, आणि टीचरांनी मला मागची खोली दिली.

त्या खोलीच्या खिडकीतून बावखल दिसतं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पूर्वी त्याच्यावर केळी, भाजी, पानवेली जगायच्या, आता दोन बदकं आणि काही मासे जगतात. एवढं पाणी एका घराच्या मालकीचं असू शकतं हे पटायला मला फार दिवस लागले. अजूनही सकाळी खिडकी उघडून ते जागेवर आहे ना, बघते. मिळालेलं जाईल या भीतीने निम्मंच खायचं, असा माझा स्वभाव आहे.

त्या नाताळात दादा, म्हणजे टीचरांचा मुलगा, वहिनींना घेऊन आले ते ठरवूनच. मम्मीसाठी जागा बघितलीय. घाट चढून वर, मोठ्या तलावाच्या काठी, ज्येष्ठांसाठी कॉटेजेस. वृद्धाश्रम हा शब्द त्यांनी स्वतःच काढला आणि स्वतःच खोडला. कम्युनिटी आहे, म्हणाले. टीचरांची कम्युनिटी तेव्हा स्वयंपाकघरात बसून आमचा नाताळचा गोड कलकल चाखत होती आणि गूळ कमी पडलाय असं सांगत होती. न विचारता फाटकातून आत येणारी ही माणसं हाच तर दादांचा मुख्य आक्षेप होता. मम्मीला प्रायव्हसी नाही, असं त्यांना तिकडे बसून वाटायचं.

दुसरा आक्षेप बावखलावर. डास होतात, वास येतो, मम्मी कधी पाय घसरून पडेल. वरच्या तलावाचे फोटो मात्र ते बोटांनी मोठे करकरून दाखवत होते. घरामागे असलं तर डबकं आणि घाट चढून गेलं की निसर्ग, एवढं मला त्यातून समजलं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला आणखी किती समजणार.

खरं कारण वेगळं होतं आणि ते खोटं नव्हतं. टीचर पावसाळ्यात मोरीत पडल्या होत्या. मी बाजारात होते. दादांना ते फोनवर कळलं, आणि हजारो मैलांवरून माणसाला दुसरं काय सुचणार? त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. शिवाय टीचर गेल्या तर घराला कुलूप लागणार, मागच्या खोलीलाही. हे कुणी उघड बोललं नाही. वहिनी फक्त एकदा म्हणाल्या, "तुमचंही बघू काहीतरी." या 'काहीतरी'मध्ये मी याआधी बऱ्याच जागी राहून आलेय. टीचरांनी राहावं असं मला वाटत होतं, पण ते त्यांच्यासाठी की माझ्या खिडकीसाठी, हे मलाच नीट सांगता येईना. म्हणून गप्प बसले.

टीचर म्हणाल्या, बघून तरी येऊ. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि मग छडी हातात घ्यायची ही त्यांची शाळेतलीच पद्धत, असं गावात सांगतात.

आम्ही चौघं गाडीने गेलो. गेटवर एका मुलीने आमच्या कपाळाला गंध लावलं. टीचरांनाही लावलं. त्यांनी डोकं पुढे केलं, आणि गळ्यातला क्रूस तेवढा पदराबाहेर काढून ठेवला. मुलगी गोड होती. टीचरांशी ती जरा मोठ्याने आणि सावकाश बोलत होती, जशा टीचर एकेकाळी बालवर्गाशी बोलत असतील.

कॉटेजेसना पक्ष्यांची नावं होती. बुलबुल, मैना, हळद्या. कावळा कुठे दिसला नाही. आत सगळं गुळगुळीत, हाताला धरायला दांड्या, पलंगाशी घंटीचं बटण, जेवण मऊ. खोटं कशाला बोलू, मला तर तिथंच आडवं व्हावंसं वाटलं. पंचाईत एवढीच होती की तलावापर्यंत जाता येत नव्हतं. काठाला जाळी होती, सेफ्टीसाठी. जाळीच्या अलीकडे हिरवळीवर खुर्च्यांची एक रांग, सगळ्या खुर्च्यांची तोंडं पाण्याकडे, आणि त्यात बसलेली माणसंही तशीच. शेजारी कोण बसलंय हे बघायचं तर मान वळवायला हवी, आणि त्या वयात ती कुणाची वळते? मुलगी म्हणाली की सनसेटला इथं एकदम शांत असतं. मी बघितलं, तर सकाळी अकरालाही काही कमी शांत नव्हतं.

रांगेच्या टोकाला एक आजोबा बसले होते. आम्ही पाहुणे आहोत हे कळताच त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. काय हवं असेल म्हणून मी वाकले, तर हळूच विचारलं, "तुमच्याकडे वांगी काय भावाने आहेत सध्या?"

मी सांगितलं. मग त्यांनी मेथी विचारली, मग बोंबील आलेत का, ते विचारलं. आपण बोंबील खात नाही, असंही वर सांगितलं. वहिनींनी लांबून डोळे वटारले म्हणून मी निघाले, पण आल्याचा भाव राहून गेला याची चुटपुट मला परतीच्या वाटेवरसुद्धा होती.

शेवटी ऑफिसात चहा. तिथं भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. दादांनी डॉक्टरचं विचारलं, वहिनींनी वायफायचं. मुलगी टीचरांकडे वळून म्हणाली, "मॅम, तुम्हाला काही विचारायचंय?"

टीचरांनी कप बशीत ठेवला. "इथं कुणी गेलं, म्हणजे?"

"आउटिंगला? गाडी असते ना मॅम, दर रविवारी."

"रविवारी कसं जातील सगळे? वारलं तर, म्हणते मी."

फोटोतल्या म्हाताऱ्यांना असं काही होत नसावं, कारण मुलगी क्षणभर गडबडली. मग शिकवलेलं आठवून तिचा चेहरा पुन्हा गोड झाला. "त्याची पण पूर्ण व्यवस्था आहे. ॲम्ब्युलन्स मागच्या गेटने येते. बाकीच्या रेसिडेंट्सना कळतसुद्धा नाही."

दादांनी समाधानाने मान हलवली. टीचर बशीकडे बघत राहिल्या.

"कळतसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. टिंगल नाही, राग नाही, वर्गात एखादं उत्तर पुन्हा म्हणून बघावं तसं.

गाडीत त्या बोलल्या नाहीत. आईला जागा आवडली, असा त्याचा अर्थ दादांनी लावला. घरी आल्यावर ते फोनवर अशा थाटात बोलत होते, जसं काही सामान बांधून झालंय. मी रात्रभर माझ्या पेटीत काय मावेल आणि काय नाही, याचाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला दादांनी विषय काढला. मम्मी, बुलबुल घेऊ या का मैना? टीचरांनी तोंड उघडलं आणि घंटा वाजली. मयताची. एक ठोका, मध्ये थांबायचं, पुन्हा एक. मी गॅस बारीक केला, पण पाय हलेना. मी कोपऱ्यावर जाऊन येईपर्यंत इथं मैना ठरली तर?

"उभी काय राहिलीस, बाय? जा, विचारून ये," टीचर म्हणाल्या.

गेलेला म्हातारा पलीकडच्या वाडीतला होता. दादा लहान असताना त्यांना आमच्या बावखलात पोहायला शिकवणारा तोच. मी येऊन सांगितलं. टीचरांचा अंदाज दुसऱ्याच कुणावर होता, त्या चुकल्या होत्या. त्या उठल्या, मयताची म्हणून वेगळी ठेवलेली फिकट साडी काढली आणि दादांना म्हणाल्या, "तू पण चल."

दादा गेले. त्या घरात त्यांना मेलेला माणूस सोडून कुणाचंच नाव येईना. प्रत्येक म्हातारी त्यांचा गाल धरून विचारत होती, कधी आलास, नि मम्मीला कुठे नेतोस म्हणे? हे गावाला मी सांगितलं नव्हतं. वहिनींनी फोनवर कॉटेजेसची नावं वाचून दाखवली तेव्हा कम्युनिटी स्वयंपाकघरात कलकल खात बसली होतीच की. एका म्हातारीने तर तिथल्या तळ्यात मासे कसले आहेत विचारलं, आणि खायला मिळत नाहीत म्हटल्यावर बाकीच्यांकडे असं बघितलं की चारजणी रोझरी सोडून हसल्या. खांदा द्यायला माणसं कमी पडली, कारण गावातली निम्मी पोरं दादांसारखीच लांब. मग दादा पुढे झाले, पांढऱ्या स्पोर्ट्स शूजसकट. सिमेट्रीतून परत येताना ते बूट मातीने भरले होते.

संध्याकाळी टीचर त्यांना म्हणाल्या, "वरचं तळं छान आहे. तूच राहा तिथं थोडे दिवस. कोण गेलं ते न कळण्याची तुला सवय आहे."

फार लागलं असणार. मला वहिनींसमोर ते ऐकून कसंतरी झालं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. दादांनी दोन दिवस तोंड फुगवलं. मग गवंडी बोलावला आणि मोरीत तसल्याच दांड्या बसवून घेतल्या. घाट चढायच्या आधी हे कुणालाच कसं सुचलं नाही, कोण जाणे. मलाही नाही सुचलं, आणि मी तर रोज ती मोरी घासते.

जाण्याआधी त्यांनी ऑनलाइन दोन आरामखुर्च्या मागवल्या आणि बावखलाच्या काठी, पाण्याकडे तोंड करून मांडल्या. मम्मी, हाच तुझा लेक व्ह्यू, म्हणाले. टीचर हसल्या, दादांचा मुका घेतला, फाटकापर्यंत गेल्या. गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या. परत आल्या त्या थेट मागे, आणि मला म्हणाल्या, "ही धर जरा."

दोघींनी मिळून खुर्ची उचलून फिरवली. पाण्याकडे पाठ, गल्लीकडे तोंड. घराच्या कडेने फाटकातून कोण येतं ते दिसायला पाहिजे. दुसरी खुर्ची मी तशीच ठेवली आहे, पाण्याकडे. दुपारची कामं उरकली की मी तिच्यात बसते, आणि बावखल जागेवर आहे ना, बघते.