घमेलं उचलणारी ठेकेदार

ती बाई ठाण्यात आली तो दिवस मी विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्न मात्र पुष्कळ केला.

वर्धा जिल्ह्यात केळझरच्या पलीकडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आठवडी बाजाराचा दिवस, निम्मे कर्मचारी बंदोबस्ताला गेलेले. पन्नाशीची एक गोंड बाई समोर येऊन उभी राहिली. पायांना घोट्यापर्यंत सिमेंट लागून वाळलेलं. गावात सरकारी समाजमंदिराचं बांधकाम चालू होतं, तिथं ती रोजीनं घमेली उचलायला होती.

"सिमिटाच्या एका पोत्याले चार घमेले रेती पाह्यजे तिथं आठ टाकून राह्यले साहेब," ती म्हणाली. "परवा स्लॅब टाकतेत. कोनाच्या तरी डोक्यावर पडन."

आमच्याकडे अशा वेळी म्हणायचं एक ठरलेलं वाक्य असतं. बाई, तक्रार लेखी दे. मीही तेच म्हणालो. हवालदारानं अर्ज लिहून घेतला, तिनं अंगठा उठवला. बांधकामाचा दर्जा हे पोलिसांचं काम नव्हे, म्हणून तिला अभियंत्याच्या कार्यालयात पाठवलं आणि अर्जावर शेरा मारला: 'अर्जदारास योग्य ती समज देऊन अर्ज निकाली.' या एका शेऱ्यावर महाराष्ट्रातली निम्मी ठाणी चालतात. ती अभियंत्याकडे गेली. त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढून टाकलं.

तीन आठवड्यांनी खालचे टेकू आणि फळ्या, म्हणजे सेंट्रिंग, काढताना स्लॅब खाली आला. खाली असलेला सेंट्रिंगवाला जागीच गेला. तो तिच्याच मोहल्ल्यातला, तिच्या घराला लागून घर. मी पोचलो तेव्हा गाव जमलं होतं आणि सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ठेकेदाराले पकडा. मी शब्द दिला. गुन्हा दाखल केला आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मागवली.

प्रत आली. ठेकेदार म्हणून एका मजूर सहकारी संस्थेचं नाव होतं, आणि अध्यक्ष म्हणून त्याच बाईचं.

मी कागद दोनदा वाचला. मग समजलं. लहान सरकारी कामांत मजुरांच्या संस्थांसाठी राखीव वाटा असतो. हेतू चांगला, की घाम गाळणाऱ्यालाच काम मिळावं. पुढे निविदा ऑनलाईन झाल्या, त्याचाही हेतू चांगला. पण आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत. आमच्या भागात 'भाऊ' म्हणून ओळखला जाणारा एक ठेकेदार होता. एका निकृष्ट कामामुळे त्याचं नाव काळ्या यादीत गेलं होतं. त्यानं मजुरांच्या नावानं संस्था काढल्या आणि धंदा पूर्वीसारखाच चालू ठेवला.

बाईला मी चौकशीला बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. कागदावर तू ठेकेदार आहेस, असं तिला सांगितलं.

"मी काऊन ठेकेदार होईन? ठेकेदार असती तं डोक्यावर घमेलं कायले घेतलं असतं?"

ऑनलाईन सही मिळवायची तर मोबाईलसमोर बसून स्वतःचं नाव आणि पद सांगावं लागतं, त्याचं चित्रण होतं. तसं कधी केलं होतंस का, असं मी विचारलं. केलं होतं. बांधकाम मजुरांना सरकारकडून भांड्यांची पेटी मिळते, तिच्यासाठी हे लागतं, असं भाऊनं तिला सांगितलं होतं. 'मी अध्यक्ष आहे' हे वाक्य त्यानं पाठ करून घेतलं होतं. मी विचारलं, पेटी मिळाली का?

"भेटली ना साहेब. कुकरबी होता त्यात."

माझ्या नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. एवढी चीड मला कोणाची आली नव्हती. घमेलंभर सिमेंट चोरणारा चोर निदान सिमेंटच चोरतो. भाऊनं बाईचं नाव चोरलं होतं, आणि बदल्यात कुकर दिला होता.

तपासाला वाट मिळाली ती निविदेच्या कागदांतून. तीन निविदा आल्या होत्या, तिन्ही एकाच संगणकावरून, दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं. तो संगणक तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या टायपिंग क्लासमध्ये सापडला. टायपिंग शिकायला आता कोणी येत नाही, म्हणून मास्तर निविदा भरून देत. टेबलाच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात अकरा डोंगल होत्या, म्हणजे अकरा माणसांच्या ऑनलाईन सह्या. प्रत्येकीला जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात नाव आणि पासवर्ड. तालुक्यात हीच पद्धत होती. सगळ्यांच्या सह्या मास्तरांकडे, कारण मास्तर हरवत नाहीत.

मास्तरांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. तीन निविदा पाहिजेत असा नियम आहे, मी तीन भरल्या, चुकलं कुठं, असं त्यांनी मलाच विचारलं. पंचनामा झाला, जबाब झाला. डबा कोणाच्या सांगण्यावरून चालतो, तेही त्यांनी सांगितलं. मला वाटलं, केस सुटली.

भाऊला बोलावलं. तो पांढरे कपडे घालून, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला. म्हणाला, मी फक्त माल पुरवतो, माझं नाव कुठल्या कागदावर असेल तर दाखवा. संस्थेच्या आणि निविदेच्या कागदांत त्याचं नाव कुठेच नव्हतं. काम बरोबर असल्याची मोजमाप पुस्तिकेत सही करणारा अभियंता होता, पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून त्याची चौकशी सुरू करायलाही शासनाची पूर्वपरवानगी लागते. मी प्रस्ताव पाठवला. त्रुटी काढून तो परत आला. पुन्हा पाठवला. मी निवृत्त झालो तरी परवानगी आली नाही. आणि दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब द्यायची वेळ आली तेव्हा मास्तर फिरले. बाईनंच डोंगल आणून दिली, असं सांगून मोकळे झाले.

बाईला साक्षीदार करावं, असं मी वरिष्ठांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, कायद्यानं ऑनलाईन सही म्हणजे हाताची सही, तुम्ही तपास करा, कायदा शिकवू नका. मी अटक केली. होय, मीच केली. गावाला ठेकेदार पकडण्याचा शब्द दिला होता ना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती दोरी माझ्या हातात होती.

तिला वाचवायला माझ्याकडे एकच कागद होता, तिचा तो अर्ज. जी स्वतः तक्रार घेऊन आली ती गुन्हेगार कशी, हे कोर्टाला दिसावं म्हणून निकाली काढलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यातून मी तो शोधला आणि दोषारोपपत्राला जोडला. त्याच्यावर माझा शेरा होता, तोही लपवला नाही. मनात म्हटलं, निदान एवढं तरी नीट केलं.

जामिनाच्या सुनावणीला सरकारी वकिलांनी तोच अर्ज वर धरला. सिमेंट कमी आहे आणि स्लॅब पडेल हे ठेकेदाराला आधीच माहीत होतं, त्याखाली तिचा अंगठा आहे, तरीही तिनं काम थांबवलं नाही, असं ते म्हणाले. साधा निष्काळजीपणा होता तिथं सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. जामीन फेटाळला गेला. वर्ध्याच्या जेलमध्ये तिनं पाच महिने काढले, मग वरच्या कोर्टानं सोडलं. खटला अजून उभा आहे. संस्था काळ्या यादीत गेली. भाऊनं दुसरी काढली, तिची अध्यक्षही एक बाईच आहे म्हणतात.

जामीन फेटाळला त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात महिला शिपाई तिला घेऊन चालली होती. ती माझ्यासमोर थांबली. आवाजात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"तुमीच म्हनलं होतं ना साहेब, लिहून दे?"

तिला नेलं.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. कायदा कागद वाचतो, हे मला आधीही माहीत होतं. कागद कोणाचा आहे हे तो बघत नाही, हे तिच्यामुळे कळलं. आता सेवाग्रामला राहतो. ओळखीचे गरीब लोक अजून सल्ला विचारायला येतात. साहेब, तक्रार लेखी देऊ का, म्हणतात. तेहतीस वर्षं या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं. आता मी त्यांना आधी बसायला सांगतो, आणि विचारतो, याआधी कुठल्या कागदावर सही-अंगठा दिलाय का.