मडमेच्या सणाला शिवलेलं भूत

तुमच्या सदरात लोक अनुभव पाठवतात ते मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. मी शिंपी माणूस. कापड मोजून कापायचं, अंदाजानं नाही... तीच सवय डोक्यालाही लागली. मुंजा, हडळ, चकवा — लहानपणापासून सगळं ऐकलं, पटलं काहीच नाही. आजही पटत नाही. तरी लिहितोय, कारण जे झालं ते दिवसाउजेडी, चार माणसांसमोर झालं.

एकोणीसशे पंचवीस-सव्वीस सालचा ऑक्टोबर असावा. मुळशीला धरणाचं काम चालू होतं. आम्ही पौडचे. मी इब्राहीम, गोऱ्या इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यावर व्हरांड्यात हाताचं मशीन घेऊन बसायचो — पडदे, अभ्रे, साहेबाच्या विजारी. माझा थोरला भाऊ हसन जवळच्या दगडखाणीत कामाला होता. खाण एका खासगी ठेकेदाराची, आणि तिथला ओव्हरसीअर म्हणजे मजुरांचा देव.

त्या उन्हाळ्यात दादा सुरुंगात गेला. सुरुंग उडवण्याआधी कर्णा फुंकायचा आणि माणसं लांब गेली की मग बत्ती द्यायची, असा नियम. त्या दिवशी कर्णा कुणीच ऐकला नाही. पण ओव्हरसीअरनं कागदावर लिहिलं — मजूर दारू पिऊन सुरुंगाकडे गेला. दादानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता! पण मय्यत घरी आली तेव्हा सदऱ्याला दारूचा भपकारा येत होता. दफन करायला आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. अम्मानं त्या दिवसापासून पौडच्या बाजारात पाऊल टाकलं नाही. तिनं तो सदरा धुतला नाही आणि फेकलाही नाही.

मी मात्र ओव्हरसीअर बंगल्यावर आला की उठून सलाम करायचो. करावाच लागायचा.

ऑक्टोबरच्या अखेरीला साहेबाची मडम म्हणाली, आमच्या मुलखात आता भुतांचा सण असतो, हॅलोविन. तिकडे म्हणे सलगम कोरून त्यात मेणबत्ती लावतात. कॅम्पातल्या साहेबलोकांना, बाबूंना आणि ओव्हरसीअरला तिनं चहाला बोलावलं होतं. मला म्हणाली, "इब्राहीम, बाजारातून काही आणायचं नाही. घरात फाटकंतुटकं आहे त्यातून भुतं कर."

भुतं मला येत नव्हती, पण कापड येत होतं. फाटकी मच्छरदाणी तांदळाच्या खळीत बुडवली आणि उलट्या घागरीवर वाळत घातली. घागर काढली तरी कापड आपलं आपण उभं! दोन कोळसे चिकटवून डोळे केले. मुळशीच्या पावसानं मोडलेल्या छत्र्या बंगल्यात ढिगानं पडल्या होत्या. त्यांचं काळं कापड काड्यांसकट कापलं तर हुबेहूब वटवाघळं झाली. दूध घालायला हौसा धनगरीण यायची, तिनं छपरावरचे भोपळे दिले आणि काळ्या मेंढीची लोकर आणली. हडळीचे केस झाले. मडम टाळ्या वाजवत होती.

आणि मग माझ्या मनात आलं... ओव्हरसीअर येणारच आहे, तर त्याच्यासाठी एक खास भूत करू.

घरून दादाचा सदरा आणला. त्यात पेंढा भरला. ओझी वाहून दादाचा उजवा खांदा खाली झुकलेला होता, तसाच झुकवला. गोणपाटाचं तोंड करून त्यावर खाणीतली धूळ चोळली, डोक्याला त्याच्यासारखं मुंडासं गुंडाळलं. फाटकापाशी खुर्चीत बसवलं.

हौसा बघून थबकली. "आरं, ह्यो तर हसन हाय!"

"व्हय," मी म्हणालो. "एकाला भेटायला आलाय."

"लई वंगाळ करतुयास, इब्राहीम."

"त्यानं केलं त्याच्याहून न्हाई."

पण माझा बेत फसला. दुपारी मडमेनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे भूत नाही. हा कोणीतरी माणूस आहे. काढ आत्ताच." मला इतका राग आला की ते तिथल्या तिथे उसवलं. पेंढा हौसाच्या शेळ्यांनी खाल्ला. सदरा घडी करून मशीनच्या पेटीत घातला आणि त्या पेटीवरच मी बसून राहिलो. फाटकापाशी फक्त रिकामी खुर्ची राहिली.

चारच्या सुमाराला पाहुणे आले. लख्ख ऊन होतं. ओव्हरसीअर सगळ्यांत शेवटी आला. फाटकातून आत शिरला, दोन पावलं टाकली, आणि थांबला. मागे खुर्चीकडे वळला आणि माझ्यावर ओरडला, "इब्राहीम! हे तुझंच काम ना? काढ ते!"

मी उठलो. काय काढू? खुर्ची तर रिकामी होती.

"त्याला उठू देऊ नकोस," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. साहेब, मडम, दोन बाबू, हौसा... सगळे खुर्चीकडे बघत होते, कुणालाच काही दिसत नव्हतं. ओव्हरसीअर मागे मागे सरकत पायरीला अडखळला आणि खाली बसला. मग त्या खुर्चीशी बोलायला लागला.

"मी कर्णा फुंकायला नाही सांगितलं... घाई होती. हो, तू हात वर केलास ते मी पाहिलं. पाहिलं होतं रे!"

दादानं हात वर केला होता, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानं माझे पाय धरले. "इब्राहीम, तुझा भाऊ आहे. त्याला सांग, बस झालं म्हणून."

माझ्या एका शब्दानं काही झालं असतं की नाही, देव जाणे. पण दया आली नाही, हे खरं तेच लिहितो. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "दादा, सोडू नकोस. दारूचं विचार."

ओव्हरसीअर ढसाढसा रडला. बाटली त्यानंच ओतली होती, मेलेल्या माणसाच्या सदऱ्यावर.

साहेबानं ते सगळं कागदावर उतरवून त्याची सही घेतली. ठेकेदारानं त्याला काढून टाकलं. तो कागद पौडच्या मशिदीसमोर वाचून दाखवला गेला, आणि पुढच्या बाजाराला अम्मा स्वतः भाजी आणायला गेली.

लोक सांगतात, त्याच्या मनातलं पापच त्याला दिसलं. असेल. मग नेमकं त्याच खुर्चीत, मी उसवून टाकलेलंच रूप कसं दिसलं? दुपारी तो खाणीवर होता, त्यानं ते भूत पाहिलेलं नव्हतं. कुणी त्याला सांगितलं म्हणावं, तर मी, मडम आणि हौसा — तिघंही बंगल्यावरून हललो नव्हतो.

वर्षभरानं तो पौडला माझ्या नव्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. ओळखू येत नव्हता इतका खंगला होता. म्हणाला, "तो अजून विचारतो रे. रोज. तू तेवढं त्याला सांग..."

त्याला थांबवणं माझ्या हातात होतं का, मला आजही ठाऊक नाही. पण मी मान वर केली नाही. शिवत राहिलो.