शपथ माझी, हात नवऱ्याचा

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरताना सरकारनं मला बरंच काही विचारलं. जात कोणती, मुलं किती, घरी संडास आहे का आणि असला तर वापरता का. देव मानता का, हे मात्र कुठंच विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं, कारण मी मानत नाही. नागपुरात माझ्या वडिलांच्या घरी देव्हारा नव्हता. लग्न करून हुडकेश्वरच्या पलीकडच्या या गावात आले तेव्हाही ते आधीच सांगून आले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "नको मानू. माह्या देवाजवळ दिवा मी लावीन."

पण सरकारनं सोडलेला प्रश्न गाव कसं सोडणार!

आमच्याकडे अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की सगळे उमेदवार मारुतीच्या पारावर जमतात. एकेकानं आत जायचं, मारुतीच्या पायाला हात लावायचा आणि म्हणायचं, गावाचा पैसा खाणार नाही, नळाला पाणी आणीन. बौद्ध वस्तीतला उमेदवार हेच विहारात जाऊन बोलतो, त्याला कोणाची हरकत नसते. बायकांच्या राखीव जागा आल्या तेव्हा मात्र घोळ झाला, कारण बाईनं मारुतीला शिवायचं नाही. गावानं तोडगा काढला. बाईच्या वतीनं तिच्या नवऱ्यानं हात लावायचा. देव मानणाऱ्या बाईचीच जिथं ही तऱ्हा, तिथं माझी सोय कोण बघणार?

माझा नवरा मारुतीचा पक्का भक्त. शनिवारी तेल वाहिल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. तो खूश होता.

"तू बाहेरच उभी राहा. मी हात लावतो अन् मामला खतम. तुले तोंडसुद्धा उघडायचं काम नाही," तो म्हणाला.

सोय खरंच छान होती. मला खोटं बोलावं लागणार नव्हतं, गावाचाही मान राहणार होता. आणि नेमका त्याचाच मला संताप आला.

"उद्या मी पैसा खाल्ला तर मारुती कोणाला धरेल? तुम्हाला?"

"काहून भांडून राहिली वं? निवडून यायचं हाय का नाही तुले?"

यायचं होतं. सांगायला लाजत नाही, मला ती जागा मनापासून हवी होती. गावात पाण्याची टाकी बांधून, रंगवून तयार होती आणि नळांच्या तोंडांना कोळ्यांची जाळी लागली होती. सासूबाई दुखरे गुडघे घेऊन हातपंपाच्या रांगेत उभ्या राहायच्या. मी निवडून आले तर त्या टाकीच्या मागे हात धुऊन लागणार होते. पारावर नाही म्हटलं तर मतं जाणार, हे मला दिसत होतं.

माझी पाळी आली तेव्हा देवळाच्या अध्यक्षांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. तो चपला काढून उठला. मी म्हटलं, थांबा.

"मी देव मानत नाही. मानत नसताना त्याच्यापुढे शपथ घेतली, तर माझं पहिलं खोटं इथंच होईल. माझ्या वतीनं यांनीही घ्यायची नाही. निवडून आले तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी या पारावर बसेन. कामाचं काय झालं ते मला तोंडावर विचारा."

मागून कोणीतरी बोललं, "जे देवाले भेत नाही, ते आपल्याले काय भेईन?"

दोन-चार माना हलल्या. नवरा एक चप्पल घालून, एक हातात धरून तसाच उभा होता.

तेवढ्यात बायकांमधून सासूबाई गुडघ्यावर हात देत उठल्या.

"भाऊजी," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "मागच्या खेपेले सगळ्यायनं हात लावला होता ना? मंग नळाले पाणी काहून नाही?"

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"माह्या मारुतीले जामीन ठेवता अन् तुमीच पळून जाता. तो बिचारा आपला उभा हाय तिथंच!"

हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत.

"ही देव मानत नाही, मले मालूम हाय. पण घरात आल्यापासून माह्याशी खोटं नाही बोलली. भाजी बिघडली तं बिघडली म्हणते. सोमवारी ही पारावर नाही आली, तं मी हाताले धरून आणीन."

अध्यक्ष सासूबाईंकडे वळले. "ठीक हाय वहिनी, पाहू सोमवारी," ते म्हणाले आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

मी काठावर निवडून आले. पहिल्या सोमवारी पारावर मी, सासूबाई आणि एक कुत्रं. पुढे माणसं यायला लागली. उन्हाळ्यात तर मी नुसत्या शिव्या खाल्ल्या. पण शिव्या द्यायला लोक वेळेवर यायचे, म्हणजे मी भेटणार हे ते धरूनच चालले होते. त्याचा मला फार आनंद व्हायचा. पाण्यासाठी मी किती कचेऱ्या झिजवल्या ते सांगत बसत नाही. अखेर एका सकाळी नळ खोकला, गढूळ थुंकला आणि मग स्वच्छ वाहू लागला.

"पहिला हंडा मारुतीचा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना उचलवणार नव्हता, म्हणून मी उचलला. देव मानायला लागले नव्हते. पण सासूबाईंचा शब्द मानत होते.

देवळाच्या पायरीशी नवऱ्यानं सवयीनं हात पुढे केले. "आण इकडे, मी ओततो."

सासूबाईंनी त्याचा हात बाजूला सारला. "तिनं आणलं हाय ना? मंग तिलेच ओतू दे."

अध्यक्ष दारातच उभे होते. ते बाजूला झाले. मी आत गेले आणि मारुतीच्या पायांवर हंडा रिकामा केला. त्यानं मला काहीच विचारलं नाही.