पळस्प्याच्या दोन बाजूंच्या पत्रावळी

मंगळवार, ता. १२ मार्च १९६८. नळाला पाणी उशिरा आले. दहा वाजता पळस्प्याची चंद्रावती आली, हातात टाइप केलेला इंग्रजी कागद. तिचा दीर काळूराम बाहेर उभा. आत ये म्हटले तरी आला नाही. तोवर पुण्याकडे नऊ भरलेल्या लॉऱ्या गेल्या.

ही माझ्या डायरीतली सकाळची नोंद. 'आला नाही' या शब्दांखाली मी रेघ ओढली होती.

चंद्रावती मूळची ओवे गावची. तिचा नवरा जगन रस्त्याच्या कामावर मुकादम होता. त्याच्या शेवटच्या आजारात माझ्या यजमानांचे औषध चालू होते, तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ती माझ्या ओटीवर टेकायची. जगन गेल्यावर तिने पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता जिथे फुटतो त्या पळस्प्याच्या फाट्यावरच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर छप्पर घातले आणि लॉरीवाल्यांना जेवण घालू लागली. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचे कालवण, खाली पळसाच्या पानांची पत्रावळ.

कोणत्या शहरात काम आहे, हे ती वर्तमानपत्राशिवाय सांगायची. माल भरलेला ड्रायव्हर घाट चढायच्या आधी किंवा उतरल्यावर पोटभर जेवतो. रिकामी गाडी नेणारा चहा पिऊन निघतो. मुंबईहून येणारे छपराच्या बाजूला थांबत, पुण्याहून येणारे समोर चिंचेखाली. उष्ट्या पत्रावळी त्या त्या बाजूला पडत. सहासष्ट सालाच्या अखेरीस मंदी आली तेव्हा दोन्ही ढीग बसले. गोव्याच्या रस्त्यावरचे मासळी आणि लाकूड नेणारे मात्र नेहमीसारखेच जेवत राहिले. गेल्या दिवाळीपासून चिंचेखालचा ढीग वाढू लागला.

"पुण्याचे कारखाने चालू झाले," ती म्हणाली होती. "मुंबई अजून निजलीय."

मुंबईची बातमी काळूराम आणायचा. गिरणीतून त्याला काढले होते. रोज पहिल्या एस.टी.ने जाऊन गेटवर उभा राहतो, असे तो सांगे. संध्याकाळी परत येऊन एकच वाक्य: गेट बंद. मग जानेवारीत भिवंडीचा कोणी शेठ उगवला. मुंबई आता उठत नाही, या फाट्यावर धूळ बसेल, पण मी जागा घ्यायला तयार आहे, असे त्याचे म्हणणे. ज्या जागेवर धूळ बसणार, ती याला कशाला हवी, हे मी तेव्हाच डायरीत लिहिले होते.

"डाक्तरीणबाई, नीट वाचा," चंद्रावती म्हणाली. "हा काळूराम बोलतो, अंगठा दे नि मोकळी हो. मी बोलली, बाईंनी वाचल्याबिगर नाय."

कागद फाट्याची जागा शेठला विकण्याचा, सरळ खरेदीचा होता. खोट सापडली नाही, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

"मुंबईची किती पानं होतात आता?" मी विचारले.

"दोन, तीन. कधी तीबी नाय. आजच अंगठा द्यायचाय, बाई. एकट्या पुण्याच्या गाड्यांवर माझी चूल नाय चालत."

इतक्यात लॉरी गेली आणि फडताळातल्या कपबश्या खणखणल्या. माझे घर फाट्याच्या अलीकडे, मुंबईच्या बाजूला, याच रस्त्याला लागून. रिकामी लॉरी गेली तर फक्त तिच्या साखळ्या वाजतात, भरलेली गेली की कपबश्या हलतात. सकाळची कामे उरकताना मी पुण्याकडे जाणाऱ्या भरलेल्या लॉऱ्या मोजते आणि लिहून ठेवते. मी मागची पाने काढली. नाताळच्या सुमारास दहा वाजेपर्यंत तीन, जानेवारीत पाच, आता नऊ.

"चंद्रावती, मुंबईहून माल येतोय. रोज वाढतोय."

"मग जेवतात कुठं?"

कोपऱ्यावर जकातनाका आहे, भरलेल्या गाडीला तिथे थांबावेच लागते. ती तडक निघाली, मी चप्पल घालून मागे. काळूराम आडवा आला. "वैनी, उन्हाचं कुठं चाललीस? एस.टी. जाईल."

"जाऊं दे. दुसरी येल."

नाक्यावर तिचे जुने गिऱ्हाईक, मुंबईहून आलेला ड्रायव्हर बळीराम, पावती घेत होता. तिला पाहून त्याने ओळखीची मान हलवली, मागे काळूराम दिसताच तो हसला.

"काय रे काळूराम, आज सुट्टी? तळोज्याला मग वाढतंय कोण?"

चंद्रावती वळली. "तळोज्याला?"

बळीराम गडबडला. "वैनी, तुला ठावं नाय? भिवंडीच्या शेठची नवी खानावळ, मुंबईहून येताना इथल्या आधीच लागते. जानेवारीपासून मुंबईवाल्यांना अर्ध्या दरात जेवण. मला वाटलं तुमचीच हाय. घरचाच माणूस वाढतो म्हणून तर आमी थांबतो."

चंद्रावती काळूरामसमोर जाऊन उभी राहिली.

"गेट बंद होतं ना रे?" ती म्हणाली.

"गेलो होतो पयले. नाय घेतलं." काळूराम म्हणाला. "दीड वरीस बसून तुजी भाकर खाल्ली. शेठ बोलला, फाट्याची जागा मिळाली की तुला तिथला मुकादम करतो."

"माज्याच छपरात? नि मी काय, भांडी घासू?" तिने कागद त्याच्या हातात कोंबला. "शेठला दे. सांग, पत्रावळ बनव याची. आज घरला येऊ नको. उद्या ये. भांडी तू घासायचीस."

बळीरामने दार उघडले आणि ती लॉरीत चढली. "चल. आज जेवल्याबिगर घाट चढायचा नाय."

काळूराम परत येऊन माझ्या पायरीवर बसून राहिला. पश्चात्ताप म्हणून, की तळोज्याची गाडी मिळेपर्यंत, ते मला कळले नाही, आणि त्याने सांगितले असते तरी मी विश्वास ठेवला नसता. दिवेलागणीला मी त्याला ओटीवर पान वाढले आणि मधल्या दाराला कडी घातली.

रात्री डायरीत लिहिले: काळूराम इथे जेवला. आमटी पुरली नाही, मी ताकभात खाल्ला.