सलोमीबाईंचा नाताळचा झोका

डिसेंबर लागला की सलोमीबाई भालेराव दोर शोधायला निघायच्या. साधासुधा दोर त्यांना चालत नसे. विहिरीवरचा, चांगल्या पिळाचा, दोन बायकांचं वजन पेलणारा हवा. बऱ्हाणपुरातल्या आमच्या लोधीपुऱ्यात ज्याच्या घरी विहीर, त्याच्या दारात त्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "थोडे दिवस द्या, नवीन वर्ष लागलं की आणून देते." लोकही देत. ख्रिस्ती बाईला नाताळात दोर कशाला लागतो, हे विचारणं सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. त्या दोराचा त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाला झोका व्हायचा आणि नाताळासाठी माहेरी आलेल्या ख्रिस्ती लेकी त्यावर बसायच्या. सलोमीबाई स्वतः कधी बसत नसत. खाली पायरीवर बसून त्या गाणं सांगायच्या आणि वरच्या पोरी ते उचलायच्या.

सलोमीबाई आणि मी मुलींच्या एकाच शाळेत शिकवत होतो. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. उंच, काळ्यासावळ्या, पांढरं पातळ, कपाळ मोकळं, आणि चालणं असं की कुणी मागून ढकलतंय म्हणून निघाल्यात. ते दिवस मोठे विचित्र होते. राज्यांची नवी आखणी होऊन नागपूर सुटलं, भोपाळ राजधानी झाली, आणि आमच्या मराठी वर्गांना उतरती कळा लागली. इन्स्पेक्टरसाहेब येत आणि गोड बोलून सांगत की बहनजी, अब हिंदी में पढ़ाइए. मी घरी येऊन चिडचिड करायची. सलोमीबाई मात्र पन्नाशी उलटलेली असताना पहिलीच्या पोरींशेजारी बसून हिंदीचं पुस्तक वाचायच्या. मी म्हटलं, "तुम्हाला राग कसा येत नाही?" तर म्हणाल्या, "जाऊ द्या ना वत्सलाबाई. सोडा म्हणणारे पुष्कळ भेटतात, धरा म्हणणारं कुणी भेटत नाही. मला सवय आहे."

ही सवय त्यांना कुठून लागली ते मला पुढे कळलं. त्यांचं मूळ गाव जसोंडी. त्या लहान असताना वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे आखाजीला दिवाळीपेक्षा मान. सासुरवाशिणी माहेरी येतात, पोरी गौराई मांडतात, झाडाझाडाला झोके लागतात, गाणी म्हणून म्हणून घसे बसतात. सलोमीबाई सवयीनं शेजारच्या झोक्यावर जाऊन बसल्या. वडिलांनी येऊन हाताला धरून उतरवलं. म्हणाले, "हे मूर्तिपूजकांचं आहे, आपलं नाही." मारलं नाही, ओरडले नाहीत. पण चार पोरींदेखत उतरवलं. "त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण निराळे झालो," त्या म्हणायच्या. हे सांगताना वडिलांवरचा राग नसायचा आवाजात. थकवा असायचा.

नंतर लग्न झालं, त्या बऱ्हाणपुरात आल्या, एक मुलगी झाली आणि नवरा लवकर गेला. या सगळ्यात त्यांनी कधीतरी आपल्या मनानं ठरवून टाकलं की आखाजी गेली तर गेली, नाताळ तर आपला आहे ना, मग झोका नाताळला बांधू. चालही आखाजीच्या गाण्यांचीच घेतली. शब्द त्यांचे. त्या गाण्यात मरिया माहेरी येते. मी एकदा विचारलं, "तुमच्या शास्त्रात असं आहे का हो?" त्या म्हणाल्या, "नाही ना, तेच तर दुःख आहे. पहिलटकरीण बाई. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून नवऱ्याच्या गावी नेली, ते पण गाढवावर. आणि बाळंत झाली कुठं, तर गोठ्यात. ना आई जवळ, ना सुईण. तिला एक दिवस तरी कुणी माहेरी बोलावलं पाहिजे की नाही? मग आम्ही बोलावतो." मी हिंदू बाई, मला काय कळणार त्यातलं. पण बाळंतपण कळतं. मला ते पटलं.

त्यांची मुलगी सुवार्ता, भुसावळला दिलेली. जावई रेल्वेत, माणूस निर्व्यसनी, देवभोळा. भुसावळ म्हणजे काही लंका नव्हे, गाडीत बसलं की आलं. पण सासर मोठं आणि सासू रीतीभातीची. लेक विनाकारण माहेरी गेली की लोक विचारतात, काय झालं हो, भांडण झालं का. म्हणून सुवार्ता वर्षातून एकदा यायची, नाताळला. हिंदू घरात आखाजीला सून पाठवायला कुणी नाही म्हणत नाही, तसंच त्यांच्यात नाताळचं होऊन बसलं होतं. आठ दिवस राहायची. त्या आठ दिवसांत सलोमीबाई शाळेत मधल्या सुट्टीत डबा खात नसत, घरी पळत जात. बाकीचं वर्ष त्यांनी कसं काढलं ते मी पाहिलंय, म्हणून सांगते, की त्यांचा सगळा नाताळ म्हणजे ही मुलगी होती.

अशात मंडळीला नवे पाळक आले. चर्चमधल्या सगळ्या लोकांना मिळून ते मंडळी म्हणतात आणि त्यांच्या धर्मगुरूला पाळक. हे पाळक तरुण, किडकिडीत, सायकलवर फिरणारे, कुणाच्या घरचा चहासुद्धा प्रार्थना केल्याशिवाय न घेणारे. मला खोटं बोलायचं नाही, माणूस चांगला होता. आजारी माणसाच्या उशाशी रात्र रात्र बसायचा. पण वाचलेलं फार होतं. त्यानं पहिल्याच वर्षी सांगायला सुरुवात केली की प्रभूचा जन्म कुठल्या तारखेला झाला हे पवित्र शास्त्रात कुठंच नाही. पंचवीस डिसेंबरच्या आसपास जुन्या रोमी लोकांत सूर्याचा सण असायचा, त्याच्यावरच नाताळ बसवला असं पुष्कळ विद्वान म्हणतात. मग मूर्तिपूजकांचा दिवस आपण का पाळावा?

ते हे बोलायला एका रविवारी संध्याकाळी सलोमीबाईंच्या ओसरीवर आले. मी तिथंच वह्या तपासत बसले होते, उठायला लागले तर सलोमीबाईंनी हातानं बसा म्हणून खूण केली.

"भगिनी, तुमचा झोका तर उघडउघड गौराईचा आहे," पाळक म्हणाले. "मी रागावून बोलत नाही. तुमच्या वडिलांनी एवढं सोसून जे सोडलं, ते तुम्ही मागच्या दारानं घरात घेतलंत."

सलोमीबाईंनी पुढ्यातल्या वह्यांचा गठ्ठा नीट लावला. मग म्हणाल्या, "पाळकसाहेब, सूर्य कुणी केला?"

"देवानं."

"मग सूर्याचा दिवस चोरीचा कसा झाला? ज्याचा माल त्याच्याच घरी आला ना."

पाळक हसले. मनापासून हसले. पण मान हलवून म्हणाले, "युक्तिवाद चांगला आहे. तरी पण देवानं न सांगितलेला सण माणसानं उभा करू नये. मी मंडळीपुढे हेच मांडणार."

आणि मांडलं. मंडळीत काहींना पटलं, काहींना नाही. पण आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे दिसतो, याची लाज वाटणारी माणसं सगळ्या जातीधर्मांत असतात, ती त्यांच्यातही होती. पंच पाळकांच्या बाजूनं गेले. भुसावळच्या मंडळीतही त्यांची व्याख्यानं झाली होती आणि जावई तर आधीच त्यांच्या पूर्ण कह्यात. ठरलं की यंदापासून नाताळ नाही. चांदणी नाही, फराळ नाही, झोका तर नाहीच.

त्या सभेत सलोमीबाई उभ्या राहिल्या, हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाळकसाहेब, नाताळ शास्त्रात नाही म्हणता, कबूल. मग शास्त्रात लेकीला माहेरी पाठवायचा दिवस कोणता आहे, तेवढा सांगा. आम्ही तो धरू."

पाळक म्हणाले, "मुलगी कधीही येऊ शकते, भगिनी. प्रभूला सगळे दिवस सारखे आहेत."

"प्रभूला असतील," सलोमीबाई म्हणाल्या. "विहिणीला नाहीत."

सभा हसली म्हणे. हसणारच. नंतर प्रार्थना होऊन सगळे घरी गेले.

त्या डिसेंबरात त्या दोर मागायला निघाल्या नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं आपणहून दोर काढून ठेवला होता, त्यानं मला विचारलं, बाई आजारी आहेत का. भुसावळहून निरोप आला की नाताळ आता आपल्यात नाही, तेव्हा यंदा सुवार्ताला पाठवण्याचं कारण दिसत नाही, सवडीनं बघू. सवडीनं बघू म्हणजे काय, हे ज्या घरात लेक दिली त्या घराला सांगावं लागत नाही. सरकारनं मात्र नाताळची सुट्टी दिली होती. शाळा बंद, दोघी मोकळ्या. सलोमीबाई सकाळीच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि मी न सांगताच त्यांनी मटार सोलायला घेतले.

माझं डोकं तापलेलं. मी म्हटलं, "बांधा तुम्ही झोका. काय करतील? फाशी देतील?"

"बांधून बसणार कोण? मी?"

"मग भुसावळला जा. भांडा जावयाशी. सोयरीक केली आहे, गुलामी नाही लिहून दिली."

"भांडले तर आज पाठवतील. उद्या तिलाच ऐकावं लागेल तिथं, तुझी आई अशी नि तुझी आई तशी." त्यांनी शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले. "मी थकले, वत्सलाबाई. बापानं जुना धर्म सोडला, तेव्हा माझा सण गेला. आता पाळकसाहेब नवा धर्म नीट पाळायला निघाले, तरी माझाच सण गेला. दोघंही खरी माणसं हो. खोटं कुणी नाही. खोटं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते."

मी चहा टाकला. त्या दिवशी त्या दुपारपर्यंत बसल्या, जेवल्या, आणि मुलीचं नावसुद्धा काढलं नाही. मला त्यांचा फार कळवळा आला आणि त्या पाळकाचा फार संताप आला. त्यांना तोही येत नव्हता, याचाच मला जास्त त्रास झाला.

एप्रिलमध्ये त्यांना कावीळ झाली. आधी अंगावर काढली, वर्गात खुर्चीवर बसून शिकवायच्या, मग खुर्चीवरही बसवेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लिव्हर पार गेलं आहे, कुणी असेल तर बोलावून घ्या. मी भुसावळला तार केली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं जावई स्वतः सुवार्ताला घेऊन आला. सासूनं बरोबर मोसंब्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, हवं तितके दिवस राहा, इकडची काळजी करू नको.

सलोमीबाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मुलीनं त्यांचे पाय दाबायला घेतले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "पाहा, आजारपणाला कुणी नाही म्हणालं नाही. आधी सांगितलं असतं तर मी डिसेंबरातच पडले असते."

सुवार्ता तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेली. जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

लेक जवळ होती ते दिवस चांगले गेले, असं म्हणणं मोठं निर्दयपणाचं आहे, पण गेले. मायलेकी सारख्या बोलत असायच्या. पाळक रोज येत, शास्त्र वाचत, प्रार्थना करत. एकदा त्यांचं वाचून झाल्यावर सलोमीबाई त्यांना म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्ही दमलात. लेकीच्या हातचा चहा घेऊन जा." त्या दिवशी तो माणूस प्रार्थना न करता चहा प्यायला. नंतर दोन दिवसांनी त्या गेल्या.

मातीला मी गेले होते. आमच्या घरी कुणाला ते आवडलं नाही, मी लक्ष दिलं नाही. पाळकांनी विधी केला. सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ आले. डोळे लाल होते. म्हणाले, "बाई, मी शास्त्राला धरूनच केलं."

मी म्हटलं, "हो, केलं ना." मला पुष्कळ बोलता आलं असतं. पण भांडायचा कंटाळा आला होता आणि त्याचं तोंड पाहवत नव्हतं.

त्यांची पुढे बदली झाली. नंतर आलेल्या पाळकांनी नाताळ पुन्हा सुरू केला. तारीख कुणाची का असेना, दिवस प्रभूला दिला म्हणजे झालं, असं त्यांचं मत. पंचांतली माणसं तीच, त्यांना हेही पटलं. चांदण्या लागल्या, करंज्या झाल्या. भुसावळलाही तसंच झालं.

सुवार्ता एकदा माझ्या मुलाच्या लग्नाला आली होती. जेवणं आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. आईसारखीच उंच, आईसारखंच मोकळं कपाळ. मी नाताळचं विचारलं.

"करतात ना, मावशी, आता सगळं करतात," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी तर सासूबाईंनी स्वतः माझी पिशवी भरली. हे म्हणाले, नाताळ आला, माहेरी जाऊन ये. मी म्हटलं, कुणाकडे जाऊ?"

"मग?"

"मग काय. पिशवीतले कपडे काढून परत पेटीत ठेवले."